दोन टोल्यांचा हिशेब

वाचनभाग : लूक २०:४५ ते २१:४, अनुवाद २४:१७–२२, गणना २७:१–११, २ राजे ४:१–७, प्रेषितांची कृत्ये ६:१–७

पाठांतरासाठी : नीतिसूत्रे ३१:३१

पाठाचा हेतू : कष्ट करूनही स्त्रीच्या वाट्याला गरिबी अधिक का येते हे समजून घेणे, आणि देवाच्या वचनाने तिला कोणता वाटा नेमून दिला आहे हे शोधणे.

१. अध्यायाच्या आकड्याने तुटलेली गोष्ट

गरीब विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपल्या मंडळीतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. दानार्पणाच्या रविवारी ती वाचली जाते, आणि देणे मनाने असावे, मापाने नव्हे, एवढा बोध घेऊन आपण घरी जातो. हा बोध खराच आहे. परंतु गोष्ट तेथे सुरू होत नाही.

लूकचा एकविसावा अध्याय उघडून वाचू लागलो की विधवा एकाएकी भांडारापाशी येते. ती कोठून आली, तिच्या पदरी दोनच टोल्या का, याचा पत्ता लागत नाही. मूळ लेखनात अध्यायांचे आकडे नव्हते. ते तेराव्या शतकाच्या सुमारास पडले, हे आपण विसरतो. आकडा झाकून विसाव्या अध्यायाच्या शेवटच्या तीन ओव्या व पुढच्या चार ओव्या एकत्र वाचा. प्रभू शिष्यांना शास्त्र्यांविषयी सावध करीत आहे. लांब झगे, बाजारात नमस्कार, जेवणावळीत मानाची जागा, आणि याच लोकांनी विधवांची घरे गिळली, असे तो म्हणतो. हे शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच तो दृष्टी वर करतो, आणि त्याच्या समोर एक विधवा उभी असते. मार्काने हाच मजकूर बाराव्या अध्यायात, मध्ये भिंत न घालता, एकामागून एक दिला आहे.

म्हणजे प्रभूने तिचे दान मोजले, त्याच वेळी तिच्यासारखीचे घर कोणी गिळले तेही सांगितले. तिच्या उदारपणाचे कौतुक आपण फार केले. तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या, हा हिशेब मात्र आपण क्वचितच विचारला. आजच्या पाठात तोच विचारायचा आहे.

२. घर गरीब, आणि घरातली स्त्री अधिक गरीब

आपली पुष्कळ माणसे सुरतेस तापी लाइनने आली. नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून निघालेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत वसली. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी उभ्याने करतो, रंगाई-छपाईच्या मिलमध्ये वाफेत राबतो. त्याचे कष्ट थोडे नाहीत, आणि या पाठात त्याच्यावर आरोपपत्र ठेवायचे नाही. मग स्त्रीचा वेगळा विचार कशासाठी?

कारण असे की, सरकारी मोजणीत गरिबी घराला लावली जाते, माणसाला नव्हे. घरात अमुक रुपये येतात, अमुक खर्च होतो, म्हणून हे घर गरीब किंवा हे घर बरे. परंतु घरात आलेली भाकरी सर्वांना सारखी मिळते काय, हे त्या मोजणीत दिसत नाही. जी रांधते ती शेवटी जेवते हे आपण सारे जाणतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात पांढुरकी आढळली. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. एकाच चुलीवर शिजते, एकाच छपराखाली राहतात, तरी एवढे अंतर!

हा प्रश्न स्त्रीमुक्तीच्या अभ्यासकांनी प्रथम जोराने मांडला. आपल्या देशात स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीने १९७४ साली ‘समानतेकडे’ या अर्थाच्या नावाचा अहवाल दिला, आणि स्वातंत्र्यानंतरही स्त्रीची स्थिती कित्येक बाबतींत मागे गेली आहे हे दाखवून सर्वांना जागे केले. अमेरिकेत डायना पिअर्स या विदुषीने १९७८ साली दाखविले की तेथील सोळा वर्षांवरील गरिबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रियाच होत्या. देश श्रीमंत असो वा गरीब, गरिबीची वाट स्त्रीच्या दाराकडे अधिक वळते असे दिसते. ती का वळते? या अभ्यासकांनी दिलेली चार कारणे आपण वचनाच्या उजेडात पाहू.

३. पहिले कारण : तिचे काम मोजलेच जात नाही

पाणी भरणे, स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे करणे, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची सेवा, ही कामे न झाली तर यंत्रमागावरचा पुरुष दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकणार नाही. तरी तिला विचारले, “बाई, तुम्ही काय करता?” तर ती म्हणते, “मी घरीच असते.” आणि आपणही जनगणनेच्या कागदावर तसेच लिहून देतो.

२०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनमोलाच्या घरकामात जातात असे आढळले. पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारेच मुळात चौघांत एक, आणि जे लावतात त्यांचा वेळ ९७ मिनिटे. ज्या पाच तासांना मोल नाही ते पाच तास तिच्या कमाईतून, शिक्षणातून व विश्रांतीतून कापले जातात. मुलगी शाळेतून आधी काढली जाते तीही याच कामासाठी.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्री आपण मातृदिनी वाचतो. ती पहाटे उठते एवढे आपल्या लक्षात राहते. परंतु सोळावी ओवी पाहा. ती विचार करून शेत विकत घेते, आणि आपल्या हातच्या कमाईने द्राक्षमळा लावते. शेवटची ओवी तर आज्ञाच आहे. तिच्या हातांचे जे फळ ते तिला द्यावे, असे शास्त्र सांगते. स्तुती करा हे त्यानंतर आले आहे. आधी फळ, मग स्तुती. आपण स्तुती ठेवली आणि फळ विसरलो. म्हणून ही ओवी आजच्या पाठांतरासाठी दिली आहे.

४. दुसरे कारण : फावल्या वेळेचे काम म्हणून फावली मजुरी

रिंगरोडच्या कापडबाजारातून निघालेली साडी दुकानात जाण्याआधी कित्येक घरांतून फिरते. काठाला लेस लावणे, खडे व टिकल्या चिकटविणे, सुटलेले धागे कापणे, ही कामे स्त्रिया घरी बसून नगावर करतात. ठेकेदार गठ्ठा टाकून जातो. जागा तिची, बत्ती तिची, सुई तिची, डोळे तिचे. नग खराब ठरला तर तोटाही तिचा. हजेरीपट नाही म्हणून प्रॉव्हिडंट फंड नाही, आजारपणाची रजा नाही. कारखान्याचे भाडे व देखरेखीचा खर्च मालकाचा वाचतो, आणि तिला मात्र ‘घरबसल्या चार पैसे मिळतात’ असे ऐकविले जाते.

संडे स्कूलच्या मोठ्या वर्गाला हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. पुढील आकडे केवळ शिकविण्यासाठी घेतले आहेत; आपल्या गल्लीतील खरे आकडे मुलांकडूनच भरून घ्यावेत. समजा, नगाला २ रुपये मजुरी आहे. बाई सकाळी दोन तास व दुपारी-रात्री चार तास बसून ६० नग करते. कमाई १२० रुपये. चार नग खराब म्हणून परत आले, ८ रुपये गेले. दोरा, गोंद व बत्ती मिळून १२ रुपये. हाती १०० रुपये. सहा तासांनी भागले तर तासाला सतरा रुपयेही पडत नाहीत. शेजारी बसून मुलीने दोन तास हात लावला असेल तर भागाकार आठाने करावा लागेल, आणि उत्तर साडेबारा रुपये येईल. मुलीचे ते दोन तास अभ्यासाचे होते, हे फळ्यावर लिहायला विसरू नये.

एवढी कमी मजुरी का? तिचे कष्ट हलके आहेत म्हणून नव्हे. घर पुरुष चालवितो, बाईचा पैसा वरखर्चाचा, असे बाजाराने धरून ठेवले आहे. परंतु २००८ साली मंदीत हिऱ्याचे कारखाने बंद पडले, २०२० साली टाळेबंदीत माग थांबले. अशा दिवसांत ज्या घरात पुरुषाची मजुरी तुटते, तेथे हाच ‘वरखर्च’ पीठ-मीठ पुरवितो. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशाने १९७६ साली केला, आणि तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत घेतले आहे. पण घरी बसून जे काम फक्त बायकाच करतात, त्याची तुलना कोणाच्या वेतनाशी करायची? कायद्याच्या हातून ती येथे निसटते.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौथी ओवी काढा. कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडत आहे, आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असे याकोब सांगतो. नगावरची मजुरीही ओरडते. आपल्या मंडळीत कोणी ठेकेदार असेल, कोणी दुकानदार असेल, तर त्याने ही ओवी घरी बसून वाचावी.

५. तिसरे कारण : तिच्या नावावर काही नाही

मजुरी आज येते, उद्या संपते. घर, शेत, बचत ही माणसाला पडत्या काळात सावरून धरतात. २०१५–१६ च्या कृषिगणनेत शेतजमिनीच्या खातेदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. शेतात राबणाऱ्या बायका किती हे खानदेशच्या माणसाला सांगावयास नको. सातबाऱ्यावर नाव किती जणींचे, हाच प्रश्न आहे.

सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट संडे स्कूलमध्ये क्वचित शिकविली जाते. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ही त्यांची नावे शास्त्राने जपून ठेवली आहेत. बाप रानात मेला, भाऊ नव्हता. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि बापाच्या भाऊबंदांत आम्हांला वतन द्या असे म्हणाल्या. मोशेने त्यांना गप्प बसविले नाही. त्याने गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले. परमेश्वराने उत्तर दिले की या मुलींचे म्हणणे रास्त आहे, आणि त्यांच्यासाठी नियम करून दिला. मागणी करणाऱ्या स्त्रीला उद्धट म्हणण्याची आपल्यात रीत आहे. देवाने तिला रास्त म्हटले.

ख्रिस्ती कुटुंबांनी येथे स्वतःच्या घरात डोकवावे. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला व मुलेबाळे मागे असली तर विधवेला एक-तृतीयांश वाटा मिळतो, व उरलेल्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तो बुडत नाही. केरळात पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानातील ख्रिस्ती मुलींना १९१६ च्या जुन्या कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेच मिळे. मेरी रॉय या ख्रिस्ती बाईंनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९८६ साली तेथील मुलींनाही १९२५ चाच कायदा लागू आहे असा निकाल लागला. आपल्या शेजारच्या हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क देशभर मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले.

कायदा असूनही वाटा हाती का येत नाही? बाप वारला की वारसनोंदीच्या वेळी बहिणींना बोलावतात, हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही घेतात, साडीचोळी देऊन पाठवतात. बहीण सही करते, कारण भावाचे दार बंद झाले तर माहेर तुटेल हे तिला माहीत असते. ज्याला प्रेम म्हणावे असे ते देणे खुशीचे असते, तर भावानेही कधी तरी हक्क सोडल्याचे ऐकिवात आले असते.

महाराष्ट्रात याच्या उलट एक गोष्ट घडली. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेचा मोठा महिला मेळावा भरला. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम मांडला, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा आपण होऊन पत्नीच्या नावे करून दिला. ते सारे साधे शेतकरी होते. जे त्यांना जमले ते मंडळीच्या वडीलजनांना व पंचांना का जमू नये?

६. चौथे कारण : एकटी पडली की आधार जातो

जिच्याजवळ स्वतःची कमाई नाही आणि मालमत्ता नाही, ती कोणाच्या तरी आधाराने जगते. तो आधार मरणाने, व्यसनाने, टाकून देण्याने किंवा परगावी गेल्याने सुटला की एका रात्रीत ती दरिद्री होते. २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे स्त्रिया ७८७ च होत्या. याचे एक मोठे कारण असे की लाखो पुरुष येथे एकटेच कामाला येतात. त्यांच्यामागे कोठल्या तरी गावी एक बाई मनीऑर्डरची किंवा आता बँकेतल्या पैशाची वाट पाहत बसलेली असते. पैसे येणे थांबले तर तिने कोणाकडे जावे?

सुरतेने या दुःखाचे एक भयंकर रूप पूर्वी पाहिले आहे. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाला मारल्याबद्दल येथे खटला चालला. लोकलज्जेच्या भयाने तिने ते केले होते. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. वर्तमानपत्रांनी विधवांच्या नीतीवर पानेच्या पाने लिहिली, पण तिला त्या अवस्थेत आणणाऱ्या पुरुषाची चौकशी कोणी केली नाही. तेव्हा बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी संतापाने लेखणी उचलली, आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापले. मराठीतील स्त्रीच्या बाजूचे ते एक आरंभीचे निर्भीड पुस्तक, आणि त्याचे निमित्त सुरतेतील एक विधवा, हे आपण सुरतकर मराठी लोकांनी विसरू नये.

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाई वैधव्य पदरी घेऊन पुण्यास आल्या. दुष्काळात आईबापांचा अंत त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पोटाची आग त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी स्त्रियांच्या ज्या गरजा सांगितल्या, त्यांत स्वावलंबनाला पहिले स्थान दिले. १८८९ साली मुंबईस शारदा सदन निघाले, व पुढे केडगावास मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात आपल्या या गुजरातेतूनही उपासमारीने खंगलेल्या स्त्रिया व मुली त्यांनी तेथे नेल्या. रमाबाईंनी त्यांना अन्न दिले, आणि त्याबरोबर विणकाम, शिवण, शेती व छापखान्याचे काम शिकविले. रमाबाईंनी भाषांतर केलेले मराठी पवित्र शास्त्र त्याच स्त्रियांच्या हातांनी छापून निघाले. भुकेलेलीला भाकरी देऊन त्यांनी हात झटकले नाहीत; तिच्या हाताला स्वतःची भाकरी मिळविण्याचे बळ दिले.

७. वचनाचे उत्तर : भीक नव्हे, वाटा

आता अनुवादाचा चोविसावा अध्याय उघडा. शेतात विसरलेली पेंढी परत आणावयास जाऊ नये, जैतुनाची झाडे पुन्हा झोडू नयेत, द्राक्षमळा पुन्हा खुडू नये. जे उरेल ते परका, पोरका व विधवा यांचे आहे. मालकाने दया येऊन द्यावे असे येथे लिहिलेले नाही. ते त्यांचेच आहे असे लिहिले आहे. सरवा वेचणारी स्त्री मालकाच्या दारी हात पसरीत नाही. देवाने तिच्यासाठी राखलेल्या पिकात ती मान वर करून जाते. रूथ मवाबातून आलेली परकी आणि विधवाही. बवाजाने गड्यांना सांगितले की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही टाकत जा, आणि तिला लाजवू नका. देताना लाजवू नये, ही बवाजाची शिकवण आपल्या मदत समित्यांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातील विधवेचा नवरा देवभीरू होता, तरी मागे कर्ज ठेवून गेला, आणि सावकार तिची दोन मुले नेण्यास आला. अलीशाने तिला विचारले की तुझ्या घरात काय आहे. एक तेलाची कुपी होती. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणून ती भरावयास सांगितली, आणि ते तेल विकून कर्ज फेड व उरलेल्यावर निर्वाह कर, असे तो म्हणाला. चमत्कार देवाचा, भांडी शेजाऱ्यांची, विक्री तिची आणि पैसाही तिचा. ज्यांचे बालपण व शिक्षण सुरतेत झाले त्या इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेस ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना काढली. १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक उभारली. टोपलीवाल्या, गाडीवाल्या, घरी बसून शिवणाऱ्या बायकांच्या त्या रिकाम्या भांड्यांत काय भरले गेले ते सर्व जगाने पाहिले. १९८८ साली इलाबेनच्याच अध्यक्षतेखालील आयोगाने ‘श्रमशक्ती’ हा अहवाल दिला, आणि घरी बसून काम करणारी स्त्री ही कामगारच आहे हे सरकारदरबारी मांडले.

शेवटी प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. यरुशलेमातील मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होऊ लागली. त्या विधवा परभाषी होत्या, बाहेरून येऊन शहरात राहिलेल्या. सुरतेतील मराठी मंडळीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. प्रेषितांनी कुरकुर दाबली नाही. त्यांनी व्यवस्था बदलली, सात जण निवडले, आणि त्या सातांची नावे पाहा : सर्व ग्रीक आहेत! ज्यांच्या विधवा उपाशी राहत, त्यांच्यातलीच माणसे वाटणीवर नेमली. मग आपल्या मदत समितीत स्वतः विधवा असलेल्या, नगावर काम करणाऱ्या भगिनी किती आहेत?

८. एक आक्षेप

काही बंधू म्हणतील, “हे पाश्चात्त्य विचार आहेत, पुरुष मस्तक आहे असे शास्त्रच सांगते.” उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नर व नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे आहेत, आणि पृथ्वी सत्तेखाली आणण्याचे काम दोघांना मिळून दिले आहे. पुरुषाने स्त्रीवर धनीपण चालविण्याची गोष्ट तिसऱ्या अध्यायात, पापानंतर येते. काटे व कुसळेही त्याच शापात आहेत, आणि काटे उपटताना कोणी शेतकरी आपण देवाची आज्ञा मोडतो असे म्हणत नाही. आणि मस्तकपणाचा नमुना पौलाने ख्रिस्त दिला आहे, ज्याने मंडळीकरिता स्वतःला दिले. ख्रिस्ताने कोणाकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले नाही.

९. मंडळीने काय करावे

पहिले, मंडळीत विधवा, टाकलेल्या व एकट्या कमावत्या स्त्रियांची नोंद करावी. तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायात अशा यादीचा उल्लेख आहे. नोंद करताना अन्नाबरोबर कागदांचीही विचारपूस व्हावी : शिधापत्रिका, विधवा पेन्शन, बँकखाते, वारसनोंद. असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीलाही नाव घालता येते. तरुण संघाने रविवारी उपासनेनंतर एक टेबल मांडून हे करून द्यावे.

दुसरे, महिला मंडळाने नगावर काम करणाऱ्या भगिनींना एकत्र बसवून दर विचारावेत. एकटीने दर वाढवून मागितला तर गठ्ठा दुसऱ्या घरी जातो. वीस जणींनी मिळून मागितला तर ठेकेदाराला थांबून ऐकावे लागते.

तिसरे, वडीलजनांनी आपल्या घरापासून आरंभ करावा. मृत्युपत्रात मुलीचे नाव आहे काय, राहत्या घराच्या कागदावर पत्नीचे नाव आहे काय, हे या महिन्यातच पाहावे.

चौथे, पाळकसाहेबांनी विवाहपूर्व उपदेशात घरकामाची वाटणी व पैशाचा जमाखर्च हे विषय घ्यावेत. ज्या घरात मुलगाही भांडी घासतो, त्या घरात मुलीच्या हाती पुस्तक राहते.

१०. शिक्षकांसाठी प्रश्न

१. लूक २०:४७ व २१:१–४ एकत्र वाचल्याने विधवेच्या गोष्टीचा अर्थ कसा बदलतो?
२. तुमच्या आईने काल केलेल्या कामांची वेळेसह यादी करा. त्यांतील कोणत्या कामाचे पैसे मिळाले?
३. सलाफहादाच्या मुलींनी सर्व मंडळीसमोर मागणी का केली असावी? आपल्या मंडळीत अशी मागणी आली तर काय होईल?
४. सरवा व भीक यांत फरक कोणता? आपल्या मंडळीची मदत यांपैकी कशासारखी आहे?

मार्क सांगतो की त्या दिवशी प्रभू भांडारासमोर बसून, लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. तो आजही आपल्या मंडळीत तसाच बसून पाहत आहे. दानपेटीत काय पडले ते त्याला दिसते, आणि टाकणारीच्या घरी काय उरले तेही दिसते. दोन्ही हिशेब त्याच्यासमोर ठेवण्याचे धैर्य तो आपणांस देवो.